झिरकॉनच्या कणीचं शिसं

आपल्याआधी इथे काहीच नव्हतं असं सांगणारे जग बळकावतात, आणि ते मुकाट ऐकून घेणारेही तितकेच दोषी असतात.

माणसाचा मागमूसही नव्हता तेव्हा एका टेकडीच्या पोटात झिरकॉन या टणक खनिजाची वाळूच्या दाण्याएवढी कणी झोपली होती. जन्मतःच तिच्यात थोडं युरेनियम होतं. त्याचं स्वप्नासारखं हळूहळू शिसं होत होतं. ऊन असो, पाऊस असो, त्याची चाल बदलत नव्हती. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं, यावरून कणीला आपलं वय कळे.

एके दिवशी जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. कणीला कवेत घेऊन तो लाडाने म्हणाला, “आजीबाई, हे शिसं कशाला वागवता? वितळा माझ्यात. नव्याकोऱ्या व्हाल.”

ऊब गोड होती. कणीला मोह झाला. पण शिसं गेलं, तर तिने पाहिलेल्या आटलेल्या समुद्रांचा, झिजून गेलेल्या डोंगरांचा काळ कोण मोजणार?

“नको रे बाळा, म्हातारीच बरी मी,” म्हणत ती अंग आवळून बसली.

लाव्हा निवला, त्याचा काळा कातळ झाला. “काळ सुरू झाला तोच माझ्यापासून,” असं तो येईल त्याला ऐकवू लागला. गवत माना डोलावू लागलं.

“माझं शिसं मोजा,” आतून कणी म्हणाली.

उन्हाला बसलेल्या सरड्याने फटीत डोकावून ते मोजलं, पुन्हा मोजलं; कणीचं वय कातळाहून कितीतरी जास्त निघालं. त्याने मान वर केली.

“कातळराव, तुमच्याआधी काहीच नव्हतं, तर ही आजी तुमच्या पोटात आली कुठून?”