हजार बायकांचे उखाणे

मानाजीराजांनी नदीचा घाट आपल्या हत्तींच्या अंघोळीसाठी बंद केला. बायकांना पाण्यासाठी दोन कोस लांबच्या ओढ्यावर जावं लागू लागलं. तक्रार केली, तर राजे म्हणाले, हत्तींना गर्दी आवडत नाही.

राज्यात एक जुना कायदा मात्र होता. राजांच्या आजोबांनीच तो केलेला. एखाद्या मागणीवर हजार अंगठे उठले, की सगळ्या राज्याचा कौल घ्यायचा आणि कौल पडेल तसं राजाने वागायचं.

पुरुष बहुतेक वाड्याच्या चाकरीत. एकही अंगठा द्यायला धजेना. तेव्हा कासाराची मुलगी सगुणा निघाली. बांगड्या भरायला ती घरोघर जायचीच. बाईचा हात आयताच हातात असे. बांगडी चढली, की अंगठा शाईत! महिन्याभरात हजार अंगठे झाले.

दिवाण त्र्यंबकपंतांनी कागद उलटसुलट पाहिले. शाई निळी आहे, काळी हवी, म्हणाले. सगुणाने पुन्हा हजार दारं फिरून काळ्या शाईत अंगठे आणले. मग कागदावर दरबारचा शिक्का नाही, म्हणाले. तिने शिक्क्याच्या कागदावर तिसऱ्यांदा आणले. मग पंतांनी ठेवणीतला नियम काढला. प्रत्येक बाईने भर दरबारात स्वतःच्या तोंडाने नवऱ्याचं नाव घ्यायचं. न घेईल तिचा अंगठा बाद.

नवऱ्याचं नाव बायका घरातसुद्धा घेत नसत. पंत मिशीत हसले.

सगुणा म्हणाली, "चालेल. पण बाई जे बोलेल ते कारकुनाने शब्दशः लिहायचं आणि महाराजांनी शेवटपर्यंत बसून ऐकायचं."

"कबूल," राजे म्हणाले. ऐकायला काही असणारच नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी हजार बायका दरबारात हजर झाल्या. पहिली पुढे आली, पदर सावरला आणि म्हणाली,

"घाटाला लावलं कुलूप, हत्ती डुंबतात आत,
बाळोजीरावांचं नाव घेते, धुवायचे कुठे हात?"

दरबारात खसखस पिकली. दुसरी तयारच होती.

"नियमावर नियम, दिवाणजींची कमाल,
खंडोजीराव पारोसे फिरतात, नाकाला लावते रुमाल!"

खंडोजी दाराशी भाला घेऊन उभा होता. त्याच्या शेजारचा शिपाई हळूच दोन पावलं सरकला.

दुपारपर्यंत त्रेचाळीस उखाणे झाले. कारकुनाची बोटं आखडली. राजांच्या पोटात कावळे ओरडू लागले. पंत तडकले. हे काव्य आहे, नाव घेणं नव्हे, सगळे अंगठे बाद, असं त्यांनी जाहीर केलं.

सगुणाने शांतपणे विचारलं, "पंत, लग्नात तुमच्या बाईसाहेबांनी तुमचं नाव कसं घेतलं होतं?"

तेवढ्यात पडद्यामागून राणीसाहेबांचा आवाज आला,

"राजवाड्याच्या खिडकीतून दिसतो नदीचा काठ,
मानाजीराजांचं नाव घेते, हट्टाची सोडा गाठ."

"आता माझंही बाद करा," त्या म्हणाल्या.

राजांना हसू आवरेना. "पुरे, सगुणा! घाट आजच उघडतो. कौल कशाला हवा?"

"नको, महाराज. कौलच घ्या."

"अगं, मी देतोय ना!"

"तुम्ही मर्जीने उघडाल आणि मर्जीनेच बंद कराल. रयतेने उघडला, तर पुन्हा बंद करायला तुम्हालाच शाई घेऊन दारोदार अंगठे मागत फिरावं लागेल. आणि बायका तुम्हाला विचारतील, बांगड्या कुठायत?"

राजे इतके हसले, की मंदील कानावर आला. त्यांनी तिथल्या तिथे येत्या सोमवारी कौल ठरवला, राणीसाहेबांना बांगड्या भरण्याचा मान सगुणाला दिला आणि उरलेले नऊशे सत्तावन्न उखाणे ऐकायला आपल्या जागी पंतांना बसवून स्वतः जेवायला गेले.