उंदरांची परीक्षा

एका शहरात उंदरांची एक शाळा होती. मोठी माणसं तिला प्रयोगशाळा म्हणत. तिथे शाल्मली नावाची एक संशोधक होती. हुशार, पण जरा उतावळी.

मेंदूतल्या पेशींचे लांब धागे आतून एका प्रथिनाच्या आधाराने उभे असतात, मांडव बांबूंवर उभा असतो तसे. शाल्मलीच्या काही उंदरांत ते प्रथिन जन्मापासूनच नव्हतं. मग त्यांना अक्कल किती, हे तिला मोजायचं होतं.

गढूळ पाण्याच्या हौदात एक पाट बुडवून ठेवलेला असे. भिंतीवरच्या चित्रांच्या खुणेने उंदरांनी तो शोधायचा आणि त्यावर चढून बसायचं. बाकीचे उंदीर चार दिवसांत शिकले. हे प्रथिन नसलेले मात्र कडेकडेने जिवाच्या आकांताने पोहत राहत. सहा महिने हेच चाललं. शाल्मलीने लिहून टाकलं, प्रथिन गेलं की अक्कल जाते. सोमवारी हा निबंध छापायला जायचा होता आणि त्यावर तिची बढती ठरणार होती.

पिंजरे साफ करणाऱ्या ठकूमावशी म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना दिसत नसंल. वरनं हात नेला की बाकीचे दबत्यात, हे मान बी हलवत न्हाईत. पर शेंगदाण्याच्या वासाला समद्यात आधी हेच."

"मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत," शाल्मली हसून म्हणाली.

पण तिला चैन पडेना. गच्चीवर कठड्याच्या कडेकडेने ती येरझाऱ्या घालू लागली. मावशींचं खरं निघालं, तर सहा महिने पाण्यात. तपासलंच नाही, तर कोणाला कळणार होतं? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सकाळी तिने पाट पाण्यावर उचलून घेतला आणि त्याच्यावर काळी झेंडी रोवली. ते उंदीर झेंडीपासून दोन बोटांवरून तसेच पुढे गेले.

सोमवार उलटला. निबंध गेला नाही. शाल्मलीने कोरड्या जमिनीवर दोन वाटा केल्या, एक खरखरीत, एक गुळगुळीत. खाऊ खरखरीत वाटेच्या टोकाला; पण वासावरून कळू नये म्हणून तो दोन्ही वाटांना चोळलेला, आणि वाटांच्या जागा रोज बदललेल्या. चौथ्या दिवशी तेच उंदीर पायांनी वाट चाचपून सरळ खाऊपाशी पोचले. अक्कल शाबूत होती, डोळे अधू होते.

बढती दुसऱ्याला मिळाली. शाल्मली पिंजऱ्यांपाशी येऊन म्हणाली, "अंगण वाकडंच होतं, मावशी. आणि ते मीच आखलं होतं."

तात्पर्य: कोणाला ढ ठरवण्याआधी, आपण घातलेला प्रश्न त्याला दिसतो तरी का, हे पाहावं.