हरबा वैद्याचं मौन

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात हरबा नावाचा एक वैद्य राहत होता. त्याच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. ताप असो, जुना खोकला असो की निखळलेला खांदा असो, माणसं आधी हरबाच्या ओसरीवर यायची. हरबा फार बोलायचा नाही. नाडीवर बोटं ठेवून डोळे मिटायचा आणि मग उठून कुठली तरी मुळी उगाळायला घ्यायचा. त्या मुळीपेक्षा त्याच्या शांत चेहऱ्यानंच निम्मं बरं वाटतं, असं म्हणणारेही होते.

एका हिवाळ्यात त्याची बायको गिरजा अंथरुणाला खिळली. हरबानं आपली सगळी विद्या पणाला लावली. डोंगर पालथा घातला, नाही नाही ती झाडं उपटून आणली. काही उपयोग झाला नाही. संक्रांतीच्या आधीच गिरजा गेली.

हरबाला एकच मुलगी होती, साळू. घाटाखालच्या गावात रखमाजी नावाच्या शेतकऱ्याला ती दिली होती. रखमाजीचा विड्याच्या पानांचा मळा होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, पदरी एक लहान मुलगा होता. आईच्या दिवसांना साळू आली आणि बरेच दिवस राहिली. निघताना तिनं वडलांना आपल्याबरोबर चला म्हणून खूप विनवलं. हरबा गेला नाही. ती गेल्यावर मात्र घर त्याला खायला उठलं. साऱ्या गावाला उठवणाऱ्या आपल्या हातांना घरातलं माणूस उठवता आलं नाही, हे त्याच्या मनातून जाईना.

त्याच वर्षी धुंडगिरी नावाचे एक म्हातारे गोसावी चातुर्मासासाठी गावच्या देवळात येऊन राहिले. तिसऱ्या प्रहरी ते ओट्यावर बसून बोलत. एक जग डोळ्यांना दिसतं, ते बदलतं आणि जातं. दुसरं दिसत नाही, पण ते जात नाही. असं पुष्कळ ते सांगत. बाकीचे लोक ऐकून घरी जात आणि कामाला लागत. हरबा मात्र तिथंच बसून राही. जे जातं त्याच्यामागे आपण सारा जन्म औषधं उगाळत बसलो, असं त्याला वाटू लागलं.

एके दिवशी त्यानं गोसाव्यांचे पाय धरले आणि त्या दुसऱ्या जगाची वाट विचारली. धुंडगिरींनी त्याला समजावलं, की तू अजून दुःखात आहेस, थोडा थांब. पण हरबा ऐकेना. शेवटी त्यांनी त्याला मौन दिलं. पुढच्या चातुर्मासाला मी येईन, तेव्हा सोड, असं सांगितलं. मग खांद्यावर झोळी घेऊन निघता निघता ते एवढंच बोलले:

"मन निवायला लागलं, की जग दार वाजवील. तेव्हा गडबडू नकोस."

हे वाक्य हरबानं मनात जपून ठेवलं. त्याचा अर्थ त्यानं गोसाव्यांना विचारला नाही. आपल्याला तो कळला आहे, असं त्याला वाटलं.

गावाबाहेरच्या टेकडीवर त्यानं दगडामातीची एक खोपी बांधली आणि तिथं राहायला गेला. पहिल्या पहिल्यांदा लोक आजारी माणसांना घेऊन टेकडी चढत. हरबा दारात येई, आभाळाकडे बोट दाखवी आणि दार लावून घेई. एक म्हातारा खोकत खोकत आला आणि तसाच खोकत परत गेला. लोक कुरकुरले. पण हळूहळू कुरकुर थांबली आणि तिची जागा भक्तीनं घेतली. इतका मोठा वैद्य सगळं सोडून बसला, म्हणजे त्याला काहीतरी सापडलं असणार, असं लोक बोलू लागले. कोणी दारात भाकरी ठेवी, कोणी दुधाचा गडू. एवढी वर्षं औषध देऊन जो मान त्याला मिळाला नव्हता, तो आता नुसतं गप्प बसून मिळू लागला.

हरबाला काहीच लाभलं नाही, असं मात्र नाही. कधी कधी पहाटे त्याचं मन असं स्थिर होई, की गिरजा जवळच कुठेतरी आहे आणि मरण ही फार मोठी गोष्ट नाही, असं त्याला वाटे. ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते हातचं जाऊ नये, याची त्याला भीती वाटू लागली.

मौनाची मुदत संपत आली. वैशाखातल्या एका सकाळी साळू घाट चढून आली. रखमाजीला ताप भरला होता आणि काही केल्या उतरत नव्हता. तिकडच्या वैद्यानं हात टेकले होते. मुलाला सासूजवळ ठेवून ती पहाटेच निघाली होती. टेकडीच्या पायथ्याशी कोंडाबाई नावाची शेजारीण भेटली. तिनं साळूला पाणी पाजलं आणि सांगितलं, की तुझ्या वडलांचं मौन आहे, पण तू जा, तुझ्यासाठी ते दार उघडतील.

साळूनं दार वाजवलं.

"आबा, मी साळू. दार उघडा."

आत हरबाच्या काळजात लख्ख झालं. कितीतरी महिन्यांनी तो आवाज कानावर आला होता. तो उठायला निघालाही होता. पण मन एवढं उसळलेलं पाहून तो घाबरला. गोसाव्यांनी सांगितलेलं दार वाजणं ते हेच, असं त्याच्या मनात आलं. जग आलं आहे, आणि मला ओढून न्यायला माझ्या लेकीचा आवाज घेऊन आलं आहे. तो मागे सरकला, भिंतीला पाठ लावून बसला आणि त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली.

बाहेर साळू बोलत राहिली. नवऱ्याचा ताप सांगितला, अंगावर उठलेले डाग सांगितले. आबा, नुसतं बरोबर चला, बोलू नका, असंही म्हणाली. मग रडली. हरबाच्या कानांत स्वतःच्या रक्ताची घरघर तेवढी येत होती. मागच्या वेळेसारखी आपल्याला घरी न्यायला आली असेल, दुसरं काय असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि जप सुरू केला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत साळू दाराशी बसली. गावातले दोनचार जण वर आले आणि तिला हळूच म्हणाले, की बाई, थोडक्यासाठी त्यांचं व्रत मोडू नकोस. मग ती उठली आणि एकटीच घाट उतरून गेली.

त्या दिवशी हरबाचं ध्यान पूर्वी कधी लागलं नव्हतं इतकं लागलं. शेवटचा धागाही तुटला, असं त्याला वाटलं. त्यात त्याला थोडा अभिमानही वाटला.

आठवडा उलटला नाही तोच रखमाजी गेल्याचा सांगावा वर आला. गावातली जाणती माणसं देवळात जमली. हरबाला सांगावं की नाही, यावर बोलणं झालं. सांगायलाच हवं, असं कोंडाबाई म्हणाली. पण बाकीच्यांनी तिला गप्प केलं. व्रत पुरं होईल, तेव्हा सांगू, असं ठरलं. आपल्या गावात एक सिद्धपुरुष होतो आहे, याचा लोकांना फार आनंद होता. त्या आनंदात त्यांनी हे दुःख बाजूला सारलं.

आषाढात धुंडगिरी आले. सारा गाव हारफुलं घेऊन टेकडीवर गेला. हरबा बाहेर आला, गोसाव्यांच्या पाया पडला आणि त्यानं मौन सोडलं. एवढ्या दिवसांत काय मिळालं, असं गोसाव्यांनी विचारलं. हरबानं पहाटेच्या त्या शांततेविषयी सांगितलं. गोसाव्यांचा चेहरा खुलला. मग हरबा म्हणाला, की तुम्ही सांगितल्याप्रमाणे जग दार वाजवायलाही आलं होतं. माझ्या साळूच्या रूपानं आलं होतं. पण मी गडबडलो नाही.

"कशासाठी आली होती ती?" धुंडगिरींनी विचारलं.

"ते ठाऊक नाही. मी कानांत बोटं घातली होती."

हार घेऊन उभी असलेली माणसं खाली बघू लागली. शेवटी कोंडाबाई पुढे झाली आणि म्हणाली, "हरबा, तुझा जावई गेला. त्याच्या औषधासाठी आली होती ती."

हरबा उभा होता तिथंच खाली बसला. धुंडगिरीही त्याच्याजवळ मातीत बसले. मग म्हणाले, "मौन दिलं ते तुला ऐकू यावं म्हणून दिलं होतं. आपण बोलत असतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. ज्याला तू शोधत होतास, तो त्या हाकेतून नाही तर आणखी कुठून येणार होता?"

ते पुढे म्हणाले, "चूक माझीही आहे. निघता निघता बोललो, आणि तुला काय समजलं ते विचारलं नाही."

त्या चातुर्मासात देवळाच्या ओट्यावर ते कोणाला काही सांगायला बसले नाहीत.

हरबा त्याच पावली घाट उतरला. साळू मळ्यात होती. नवऱ्यामागं वेलींची बांधणी आता तीच करत होती. वडलांना पाहून ती लगबगीनं आली. पाय धुवायला पाणी दिलं, बसायला पाट मांडला, जेवू घातलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडे हरबाला बघवेना. नातू आजीच्या पदराआड उभा राहून या अनोळखी दाढीवाल्या माणसाकडे बघत होता.

जेवणं झाल्यावर साळूच आपण होऊन बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती म्हणाली, की आबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची समाधी लागली होती. समाधीतल्या माणसाला बाहेरचं कसं कळणार? सासूबाईंनाही मी हेच सांगितलं.

हरबानं मान हलवली असती, तर गोष्ट तिथंच मिटली असती. लेक त्याच्यासाठी ती पळवाट कधीपासून उघडी ठेवून बसली होती. पण हरबाला खोटं बोलवेना. एवढं मात्र त्या मौनानं त्याला दिलं होतं.

"समाधी नव्हती, साळू," तो म्हणाला. "तुझा आवाज मी ओळखला. आणि मग कानांत बोटं घातली."

सुपारी कातरता कातरता साळूचा हात थांबला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही आला असता तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. आईही वाचली नव्हती. पण त्या दिवशी घाट उतरताना माझ्याबरोबर कोणीतरी असतं."

हरबानं विचारलं, की मी आता इथं येऊन राहू का, किंवा तू मुलाला घेऊन माझ्याकडे येतेस का. साळूनं दोन्हीला नको म्हटलं. सासूबाई थकल्या आहेत, मळा आहे, तुम्हाला इकडची हवा मानवणार नाही, अशी कारणं तिनं दिली. सगळी कारणं खरी होती. निघताना तिनं त्याच्याबरोबर विड्याची पानं बांधून दिली आणि वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर, पाहुण्याला करावा तसा.

हरबा गावात परतला. खोपी त्यानं मोडली नाही. पहाटे अजूनही तो तिथं जाऊन बसे. पण ऊन वर आलं की उतरून ओसरीवर येई आणि येईल त्याची नाडी धरी. पूर्वी तो रोग विचारायचा. आता माणसाला मनाजोगतं बोलू द्यायचा. एखादी म्हातारी सगळं घरचं रडगाणं सांगत बसली, तरी तिला अडवत नसे. लोक म्हणत, की हरबाच्या हाताला आता पहिल्यापेक्षा जास्त गुण आला आहे. तो ऐकून घेई आणि दुसरा विषय काढी.

सणावाराला साळूकडून निरोप येई, खुशाली येई. तीही खुशाली पाठवी, तोही पाठवी. त्यात कधी दुखण्याचा शब्द नसे.

पुढच्या फाल्गुनात घाटाखालून एक मिठाचा व्यापारी बैल घेऊन आला. व्यापाऱ्याच्या पायात काटा रुतून पू झाला होता. हरबा तो काढत असताना तो माणूस सहज बोलून गेला, की तुमचा नातू आता हिंडूफिरू लागला बरं का. महिनाभर देवी निघाल्या होत्या, अगदी जिवावर बेतलं होतं. तुमच्या लेकीनं नदीपलीकडच्या वैद्याला आणलं, त्यानं वाचवलं.

हरबानं जखम स्वच्छ धुतली, पाला बांधला आणि पट्टीची गाठ मारली. त्या माणसाला आणखी काही सांगायचं आहे का, म्हणून तो थांबला. मग विचारलं, "अंगावर डाग राहिलेत का त्याच्या?"

तेवढं त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

तात्पर्य: दिसणारं जग आणि न दिसणारं जग अशी दोन वेगळी गावं नाहीत. हाक मारत आलेल्या माणसात जे आपल्याला भेटत नाही, ते डोळे मिटूनही भेटत नाही. आणि एकदा परतवलेलं माणूस आपलं दुःख घेऊन पुन्हा आपल्याकडेच येईल, असं नसतं.