ओरेलाची शेवटची चूल

रोमच्या पूर्वेला, दिवसभराच्या चालीवर एक टेकडी आहे. लोक तिला उघडी टेकडी म्हणतात. आसपासच्या कुठल्याही टेकडीवर कुदळ मारली तरी जुनं काहीतरी हाती लागतं, भिंतीचा तुकडा नाहीतर रांजणाचा काठ. हिच्यावर मात्र नुसतं गवत आणि काटेरी झुडपं. पायथ्याच्या गावातले अर्दुईनोआजोबा पाहुण्यांना वर नेतात. वर आल्यावर कुणी विचारतंच, "इथे बघायचं काय?" तेव्हा ते म्हणतात, "हेच. इथे ओरेला नावाचं नगर होतं."

मग गवतात बसून ते जी हकिगत सांगतात, ती अशी.

त्या काळी रोम म्हणजे नदीकाठच्या चिखलातली शे-दोनशे झोपड्यांची वस्ती. ओरेलाचे लोक तिला हसत. एका दुष्काळात ती माणसं टेकडी चढून बियाणं मागायला आली, ओरेलाने दिलं. पुढे मुली मागायला आली, मुलीही दिल्या. व्हिबिया नावाच्या बाईची धाकटी बहीण रुतिला अशीच त्या वस्तीत नांदायला गेली, आणि पाठवणीला व्हिबियाने तिच्यासोबत पोतंभर सातू दिले म्हणे.

वर्षं गेली. वस्तीभोवती तट उभा राहिला. व्हिबियाचा नवरा वारला, मामर्क हा एकुलता मुलगा हाताशी आला. आणि एका उन्हाळ्यात कुरणावरून भांडण पेटलं. ओरेलाचे पुरुष सकाळी लढायला उतरले आणि दुपारी हरून परतले. तिसऱ्या दिवशी रोमची फौज वर आली. तिच्या पुढे होता रुतिलाचा मुलगा होस्तस.

तो थेट व्हिबियाच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, आई बरी आहे. तुझी चौकशी केलीय तिने."

"अरे, मग दारात का उभा? आत ये."

तो आत आला नाही. उभ्या उभ्याच त्याने हुकूम सांगितला. कुणाला मारायचं नाही, कुणाला गुलाम करायचं नाही. सगळ्यांनी रोम शहरात राहायला यायचं. जमीन मिळेल, मान मिळेल. टेकडीवर मात्र दगडावर दगड राहता कामा नये. "तुम्ही आता आमचेच, मावशी."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

होस्तसने मान खाली घातली. "मी नसतो आलो, तर दुसरा आला असता. त्याने एवढंही सांगितलं नसतं."

व्हिबियाच्या हाती काय होतं? ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरावर माणूस हात उचलत नाही, एवढंच तिला लहानपणी शिकवलं होतं. तिने चूल पेटवली. सातूची दाट लापशी केली, मेंढीच्या दुधाचं चीज काढलं आणि भाच्याचा हात धरून त्याला बसवलं. तो भुकेला होता. भांडं बोटांनी निपटून जेवला. ती समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

जेवून तो उठला, हात धुतले, थोडा वेळ भिंतीला तळवा टेकून उभा राहिला. मग त्याने पहार मागवली. त्याचे डोळे भरले होते असं सांगतात. पहार थांबली नाही.

चार दिवस नगर पडत होतं. चिरे गाड्यांत भरून शहराच्या तटासाठी गेले आणि गाड्यांच्या मागून ओरेलाची माणसं उतरली.

आणि शहराने शब्द पाळला, हेच सगळ्यात कठीण. शेत मिळालं, मामर्कचं लग्न झालं, सभेत त्याला मत द्यायचा हक्क मिळाला. व्हिबियाला कुणाचा राग करावा कळेना. ज्या गल्लीत बघावं तिथे आपलीच माणसं, हसतीखेळती.

सात वर्षांनी मामर्क शिरस्त्राण घेऊन घरी आला. फिस्केला नावाच्या नगरावर जायचं होतं.

"काय सांगणार तिथल्या लोकांना?" आईने विचारलं.

"मारणार नाही म्हणून. जमीन देऊ म्हणून. तुम्ही आता आमचेच म्हणून."

व्हिबियाने त्याच्या हातातलं शिरस्त्राण धरलं. "जाऊ नकोस रे."

"मी नाही गेलो तर दुसरा जाईल, आई."

होस्तसही दारात हेच म्हणाला होता. ती म्हणाली, "मग एवढं कर. ज्या घराला पहिला घाव घालशील, त्या घरी आधी जेव."

"त्याने काय होणार?"

"काही होणार नाही. होस्तस जेवलाच होता की. पण जेव."

मामर्क आईच्या शब्दाबाहेर नव्हता. फिस्केलात एका म्हाताऱ्याने त्याला मसुराची आमटी वाढली. ती तो जेवला, आणि घर पाडलं. पुढच्या नगरावर फिस्केलाचीच पोरं गेली, त्याच्या पुढच्या नगरावर त्या नगराची. रोम असं वाढलं, असं इथे सांगतात. थांबवायचं कुणाला? जो समोर उभा, तो कालपर्यंत आपल्यासारखाच रडलेला.

म्हातारपणी व्हिबिया एकदा टेकडीवर येऊन गेली म्हणे. आपला उंबरठा कुठे होता, ते तिला सापडलं नाही.

आजही पायथ्याच्या गावात कुठलंही घर पाडायचं असलं, की पहिला घाव घालणाऱ्याला त्या घरची सगळ्यात वडीलधारी बाई आपल्या हाताने जेवू घालते. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, त्यात अर्दुईनोआजोबांचंच घर गेलं. यंत्र चालवणारा परगावचा होता; त्याला ही रीत माहीत नव्हती. आजोबांच्या थोरल्या बहिणीने त्याला हाताला धरून बसवलं. तो संकोचत जेवला, दुसऱ्यांदाही वाढून घेतलं. "फार चांगलं झालं होतं, आजी," असं म्हणून त्याने तोंड पुसलं, आणि तो यंत्राकडे गेला.