आबांचा लोड

मागच्या खेपेला पलंगावरची चळत पाहून माझे थोरले चुलतसासरे, आबा, गरजले होते, "दोन खोल्यांचं घर, त्यात या गोधड्या! पुढच्या वेळी दिसल्या तर मी स्वतः बोहारणीला देईन."

गोधड्या माझ्या आईने बाळासाठी शिवलेल्या. पण मला उत्तरं नेहमी पाहुणे गेल्यावरच सुचतात, म्हणून मी नुसती मान डोलावली.

परवा आबा आले आणि नव्या लोडाला ऐसपैस टेकले. "बघ सूनबाई, गोधड्या गेल्या, घर कसं मोकळं झालं! लोडही झकास हो. आत काय भरलंयस?"

"गोधड्याच, आबा. बोहारीण खालीच आहे, बोलावू? फक्त तुम्हाला जरा उठावं लागेल."

आबा आणखी मागे रेलले आणि म्हणाले, "चहा टाक."