माग थांबलेलं घर

काशीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्माला आले. हात इतका हलका, की रडतं मूल नाडी देता देता झोपी जायचं. ही कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजवैद्याची जागा रिकामी होती. राजाने रथ धाडला आणि निरोप दिला, "पौर्णिमेला सूर्य माथ्यावर येण्याआधी दरबारात या. मुहूर्त टळला तर जागा दुसऱ्याची."

पौर्णिमेच्या सकाळी रथ विणकरांच्या वस्तीतून चालला होता. घराघरातून मागांची खटखट. एकाच घरातून आवाज नाही. त्या घरातली बाई रथापुढे येऊन उभी राहिली.

"वैद्यबुवा, लेकीची नाडी तेवढी बघून जा."

"बाई, ऊन कुठवर आलंय बघ," सारथी म्हणाला. "राजा वाट बघतोय."

तो हे म्हणेपर्यंत बोधिसत्त्व खाली उतरलेसुद्धा होते.

घर कोशिक विणकराचं. थोरली लेक वेणुका, सोळा वर्षांची. चार वर्षं झाली, तिचे सांधे धरायचे, ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. आठ दिवस बरी, तर चार दिवस कूस बदलवत नाही. लेकीला खटखटीचा त्रास नको म्हणून कोशिकाने घरचा माग बंद ठेवला, आणि आपण दुसऱ्याच्या मागावर राबायला लागला. त्या दिवशी मालकाचा माग बंद होता म्हणून तो घरी होता. आई चार वर्षांत माहेरी गेली नव्हती, सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा. घरात सगळे कुजबुजत बोलायचे. भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. माया म्हणावी तर अशी.

बोधिसत्त्वांनी वेणुकाची नाडी पाहिली. "गुळवेलीचा काढा देता ना?"

"तीन वेळा देते. स्वतः उकळते. पण गुण म्हणून नाही."

बोधिसत्त्वांना नवल वाटलं. त्या काढ्याने आजार गेला नसता, पण सांधे तरी हलके व्हायला हवे होते. त्यांची नजर मागाकडे गेली. मागाखाली खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो. वेणुकाचं अंथरूण त्या खड्ड्याच्या काठालाच होतं. बोधिसत्त्व खड्ड्यात उतरले. चार वर्षं जिथे कुणाचा पाय पडला नव्हता, तिथली माती ओली! त्यांनी चिमूटभर उचलून हुंगली. गुळवेलीचा वास.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "आजारी तू आणि काढा पितोय खड्डा?"

आईने तोंडावर हात ठेवला. वेणुकाने तिचा पदर धरला. मग बोलली.

"रागावू नकोस, आई. माग थांबला त्या दिवशी मला कळलं, माझ्यामुळे घर थांबलं. वाटलं, मी लवकर गेले तर माग लवकर सुरू होईल."

कोशिक पुढे आला. "अगं, तुला खटखट सोसवत नाही म्हणून..."

"दुखतात ते सांधे, बाबा. कान नव्हेत. मला कुणी विचारलंच नाही."

दारातून सारथी म्हणाला, "वैद्यराज, आता निघालात तर घोडे पळवून पोचवतो."

"अजून तीन नाड्या राहिल्यात."

"आजारी तर एकच आहे!"

"तू दारातून बघतोस म्हणून."

बोधिसत्त्वांनी आईची नाडी पाहिली, बापाची पाहिली. धाकटी रेवती नऊ वर्षांची. तिने हात पाठीमागे लपवला. "मला काही झालं नाही. ताईचं बघा."

त्यांनी तिचे केस मागे सारले. महिनाभर कान वाहत होता.

"सांगितलं का नाहीस गं?"

"आमच्या घरात दुखणं ताईचं असतं," रेवती म्हणाली.

आईला रडू फुटलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणी मोठ्याने रडलं.

"बुवा," कोशिकाने हात जोडले, "ही कधी बरी होईल तेवढं सांगा."

सहा महिन्यांत, असं म्हटलं असतं तर तो पाया पडला असता आणि रथही वेळेवर पोचला असता. बोधिसत्त्व म्हणाले, "हा आजार आवरेल, पण जाणार नाही. पाहुणा आलाय, आज-उद्या जाईल असं समजून तुम्ही त्याला सगळं घर देऊन बसलात. हा पाहुणा नव्हे. हा घरातलाच एक हट्टी म्हातारा समजा. त्याला वेळेवर काढा द्या, एक कोपरा द्या. ओटी आणि माजघर तुमचं तुम्ही ठेवा. माय, तू पंधरा दिवस भावाकडे जा. काढा बाप देईल. आणि पोरी, कापड कसं विणायचं ते तू अंथरुणावरून सांगायचंस."

त्यांनी रेवतीच्या कानाला औषध केलं. दिवा सारथ्याने धरला. कोशिक खड्ड्यात उतरला, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावरची धूळ फुंकली.

"तांबडे दोन धागे," वेणुका म्हणाली. "आता पिवळा. घाई नको, बाबा, विसरलात वाटतं सगळं!"

खट्, खट्. शेजारचे माग थांबले. लोक दारात येऊन ऐकत राहिले.

सूर्य केव्हाच कलला होता. दरबारात जागा दुसऱ्याला मिळाली. बोधिसत्त्व पायी निघाले, तर सारथी आडवा आला. "राजवैद्य नसलात तरी बसा. घरी सोडतो."

वेणुका पुढे पुष्कळ वर्षं जगली. दुखणं येई तेव्हा ती पडून राही, पण तेव्हाही माग चालू असे.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सारथी तो आजचा भिक्षू आनंद. कान लपवणारी रेवती ती भिक्षुणी उत्पलवर्णा, वेणुका ती भिक्षुणी खेमा, आणि तो वैद्य मीच होतो."

दुखणाऱ्याची नाडी सगळेच धरतात. त्याच्या उशाशी बसलेल्यांचीही जो धरतो, त्याच्या ठायी करुणा पूर्ण झाली असं जाणावं.