येसूकाकीची पहार

खाडीचं पाणी गोड व्हावं की खारट, हे अजून ठरत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

सोनवेळ गावात तेव्हा माणूस गेला की त्याचं अवजार देवळामागच्या वडाला टांगून ठेवत. कुणी वापरत नसे. खाऱ्या वाऱ्याने कोयते, कुदळी गंजत. गाव म्हणे, गंज म्हणजे मेलेल्याची झोप, ती मोडू नये.

तिथेच येसूकाकीच्या नवऱ्याची पहार होती. जन्मभर घामेजल्या मुठीत राहिलेली, म्हणून गंजही त्या मुठीच्याच आकाराने चढला. पाची बोटं उमटली. काकी रोज त्यांवर आपली बोटं ठेवून उभी राहायची. त्याचं तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

एका दुपारी गडी बांधावर अवजारं टाकून जेवायला गेले, आणि बांधाला भगदाड पडून सगळी अवजारं खाडीत गेली. ओहोटी होती म्हणून शेतं वाचली. भरती आली की सगळ्या भाताचं मीठ होणार. हात होते, हत्यार नव्हतं.

काकीने आमसुलाच्या आंबट रसाची मडकी वडाखाली आणली.

"काकी, झोप मोडतेस गो त्यांची! उठून येतील ना!" धाकू गावकर ओरडला.

"येऊ देत. तुझ्यापेक्षा बरे राबतील, मेल्या!"

तिने कुदळी रसात बुडवल्या, नारळाच्या सोडणाने वाळू लावून घासल्या, खोबरेल चोळलं. लाल पाण्याचा ओहोळ वाहिला. लोखंड उजळलं तसा कुणाच्या विडीचा वास आला, कुणाचा खोकला ऐकू आला, असं म्हणतात. गड्यांचे हात आपोआप चालू लागले. बांधावर माणसांपेक्षा सावल्या जास्त दिसत होत्या.

भगदाडात बसवायचा धोंडा मात्र हलेना. गड्यांनी पहार तशीच लावून पाहिली; झोपलेली पहार ढिम्म. काकीने तिथेच बांधाशी बसून ती मांडीवर घेतली. टोकापासून घासत मुठीपर्यंत आली आणि थांबली. भरतीचं पाणी तिच्या घोट्याला लागलं. तेव्हा डोळे मिटून तिने पाची बोटं पुसून टाकली.

मग ती एकटीच धोंड्याला भिडली. धोंडा कापसासारखा उचलला गेला, भगदाडात बसला. तिच्या हातांवर आणखी दोन हात होते, असं म्हणतात. मी पाहिलं नाही. पण ज्या बगळ्याने पाहिलं, तो खोटं बोलणारा नव्हता.

सोनवेळीत आता अवजार टांगत नाहीत. दसऱ्याला काकीचं नाव घेऊन ते घासतात आणि राबणाऱ्याच्या हाती देतात. मग बांधावर सगळ्यांचं जेवण असतं. पानं मोजून मांडतात, तरी दरवर्षी कमीच पडतात.